कुंडीतल्या मातीतलं खत मीटरने मोजता येतं का? येतं, पण एनपीकेचा आकडा बघून नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्याकडे साधारण ३० कुंड्या आहेत, महिन्यातून एकदा गांडूळ खत आणि दर १५ दिवसांनी १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) पाण्यातून देता, आणि आता तुम्ही तो सेव्हन इन वन मीटर घेतलाय ज्याच्या स्क्रीनवर नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम म्हणजे एनपीके असे वेगवेगळे आकडे येतात. एकाच जास्वंदीच्या कुंडीत पाणी घालायच्या आधी नायट्रोजन १४ आला आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ५२. जुना काटेवाला मीटर त्याच कुंडीत 'आयडियल' म्हणतोय. आणि जास्वंदीची पानं तर पिवळी पडतायत. मग कुठल्या मीटरचं ऐकायचं आणि खत वाढवायचं की थांबवायचं, असं विचारलंत.

माझ्या मते कुठला मीटर बरोबर हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी हे मीटर मातीत नक्की काय मोजतात ते बघू, कारण ते एकदा कळलं की १४ आणि ५२ चं कोडं आपोआप सुटतं. मी १८ वर्षं कुंडीतली रोपं वाढवतेय आणि त्यातली बरीच वर्षं निचऱ्याचं पाणी मोजून वहीत लिहितेय, त्यामुळे जे सांगतेय ते वापरून सांगतेय. पण तुमची माती, तुमचं पाणी मी पाहिलेलं नाही, म्हणून जिथे परिस्थितीवर अवलंबून आहे तिथे तसं सांगेन.

आधी काटेवाला. त्याला सेल लागत नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याच्या दांड्या दोन वेगळ्या धातूंच्या असतात, ओल्या मातीत खुपसल्या की त्या दोघींमधे एक अगदी बारीक बॅटरी तयार होते आणि त्या करंटवर काटा हलतो. बटण 'मॉइश्चर'वर असो किंवा 'फर्टिलिटी'वर, आत तोच करंट, फक्त पट्टी बदलते. आता हा करंट ओलाव्याने वाढतो, क्षारांनी वाढतो, माती दांडीला घट्ट चिकटली तर वाढतो, दांडीवर गंज चढला की कमी होतो. म्हणजे 'आयडियल' या शब्दामागे चार गोष्टींची मिसळ आहे आणि त्यातून खत वेगळं काढता येत नाही. मी असा मीटर एकाच कामाला वापरते, मोठ्या कुंडीत खाली तळाशी ओल आहे की नाही ते बघायला, त्यासाठी तो चांगलाय. वापरून झाला की पुसून ठेवायचा, मातीत खुपसून ठेवला तर महिन्याभरात दांड्या खराब होतात.

आता सेव्हन इन वन. यातले ओलावा, तापमान आणि विद्युत वाहकता म्हणजे ईसी हे तीन आकडे खरोखर मोजलेले असतात. पण नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम मोजणारं त्या स्टीलच्या दांड्यांमधे काहीही नसतं. साधी स्टीलची दांडी नायट्रेट कुठलं आणि पोटॅशियम कुठलं हे ओळखू शकत नाही, तिला एवढंच कळतं की या ओल्या मातीतून वीज किती सहज जातेय. तो ईसीचा आकडा घेऊन आत एक ठरलेलं सूत्र लावतात आणि तीन आकडे काढून स्क्रीनवर टाकतात. तुम्ही लिहून ठेवलेल्या नोंदी काढा आणि बघा, नायट्रोजन जेवढ्या पटीत वाढला तेवढ्याच पटीत फॉस्फरस आणि पोटॅशियम पण वाढलेत का. बहुतेक वेळा तिघं हातात हात घालून वर जातात आणि खाली येतात. खऱ्या मातीत असं होत नाही, नायट्रेट पाण्याबरोबर पटकन वाहून जातं, फॉस्फरस मात्र मातीला धरून बसतो.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, घरी करून बघता येतं. मी हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला टेबलावर करून दाखवते. तीन भांडी घ्या, तिन्हीत एक एक लिटर डिस्टिल्ड वॉटर. पहिल्यात काहीच टाकायचं नाही. दुसऱ्यात १ ग्रॅम साधं मीठ. तिसऱ्यात १ ग्रॅम युरिया. ढवळा, सगळं विरघळू द्या आणि मीटरच्या दांड्या पूर्ण बुडवा, प्रत्येक वेळी मधे डिस्टिल्ड पाण्याने धुवून. पहिल्यात जवळपास शून्य येईल. दुसऱ्यात ईसी २ मिलिसीमेन्सच्या (हे ईसी मोजायचं एकक) आसपास जाईल आणि त्याबरोबर स्क्रीनवरचे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम तिन्ही उडी मारतील, आणि त्या भांड्यात तर यातलं एकही नाही, नुसतं सोडियम आणि क्लोराइड आहे. आणि तिसरं भांडं, ज्यात खरंच लिटरला ४६० मिलिग्रॅम नायट्रोजन आहे कारण युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, तिथे आकडा साध्या पाण्याच्या आसपासच बसलेला दिसेल. युरिया पाण्यात विरघळतो पण त्याचे आयन म्हणजे विजेचा भार असलेले कण होत नाहीत, आणि आयन नाहीत तर वीज वाहून नेणारं कोणी नाही. पुढे मातीतल्या जिवाणूंमुळे त्याचं अमोनियम आणि मग नायट्रेट होतं, तेव्हा तो मीटरला दिसायला लागतो. मीठ घातलं तर खत दिसतं आणि खत घातलं तर काहीच दिसत नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की परत कोणी त्या तीन आकड्यांवरून खत ठरवत नाही.

तुमच्या १९:१९:१९ बाबतही हे लागू आहे बरं का. पाकीट उलटं करून बारीक अक्षरात बघा, नायट्रोजन कुठल्या रूपात किती आहे ते लिहिलेलं असतं, आणि अशा खतांमधे बऱ्याचदा मोठा भाग युरियाच्या रूपातच असतो. तेवढा भाग दिल्या दिल्या मीटरला दिसणारच नाही.

आता १४ आणि ५२. कोरड्या मातीत कणांच्या मधे हवा भरलेली असते आणि हवेतून वीज जात नाही. क्षार तिथेच असतात पण कोरडे पडलेले. पाणी घातलं की तेच क्षार विरघळतात, कणाकणांच्या मधे पाण्याचा पूल तयार होतो आणि आकडा तिप्पट चौपट होतो. तुम्ही नुसतं पाणी घातलं होतंत, खत नाही. म्हणजे कुंडीतलं खत तेवढंच राहिलं आणि आकडा १४ चा ५२ झाला. यात धोका असा की कोणी कोरड्या कुंडीत १४ बघतो, घाबरतो, लगेच खताचं पाणी ओततो, आणि कोरड्या मातीत खताचं पाणी म्हणजे मुळं भाजायची सगळ्यात सोपी पद्धत. कोरड्या कुंडीत खत देऊ नका, आधी साधं पाणी, मग वाफशावर आलं, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहिली, की खत.

मग मीटर फेकून द्यायचा का? नाही. ईसी ही खूप कामाची गोष्ट आहे, फक्त ती कुठे आणि कशी मोजायची ते बदलायचं. ईसी सांगतो की पाण्यात एकूण विरघळलेले क्षार किती आहेत. त्यात नायट्रेट, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट हे सगळं आलं आणि नको असलेलं सोडियम, क्लोराइड पण आलं. कुठलं किती ते तो सांगत नाही. पण खत खूपच साठलंय का, की सगळं वाहून गेलंय, एवढं तो नीट सांगतो, आणि कुंडीत ९० टक्के वेळा आपल्याला तेवढंच कळायला हवं असतं.

खत बघायला मी मातीत मीटर खुपसत नाही, निचऱ्याचं पाणी मोजते. त्यासाठी साधा पेनसारखा ईसी मीटर लागतो, पाण्यात बुडवायचा. ही पद्धत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीने नर्सरीवाल्यांसाठी भरपूर प्रचारात आणली, तिला पोअर थ्रू म्हणतात, आणि जगभर कुंडीतल्या रोपांसाठी ती वापरतात. तुमच्या जास्वंदीवर कशी करायची ते सांगते.

कुंडीला नेहमीसारखं पाणी घाला, खालून निथळेपर्यंत. मग अर्धा ते एक तास तशीच सोडा म्हणजे आतलं पाणी आणि मातीतले क्षार एकमेकांत नीट मिसळतात. हा अर्धा तास लोक खातात आणि मग आकडे कसेही येतात, तो खाऊ नका. नंतर कुंडी एका स्वच्छ ताटलीवर दोन लाकडी पट्ट्या ठेवून त्यावर उचलून ठेवा, म्हणजे खालचं भोक ताटलीला टेकत नाही. आता डिस्टिल्ड वॉटर घ्या, ६ इंची कुंडीला ७५ ते १०० मिली, मोठ्या कुंडीला त्या हिशोबाने जास्त, आणि खोडाभोवती गोल फिरवत हळूहळू ओता. एका जागी ओतलं तर पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि तुम्ही मोजता ते ओतलेलं पाणीच. वरून आलेलं ताजं पाणी आत साठलेल्या जुन्या पाण्याला खाली ढकलतं. पहिले थेंब पडायला मिनिटभर लागेल, मग सावकाश टपटप. साधारण ५० मिली जमलं की थांबायचं. त्यापेक्षा खूप जास्त गोळा केलं तर ते पातळ होत जातं आणि आकडा उगाच कमी येतो. या पाण्याला फिकट चहासारखा रंग असतो, गांडूळ खत असेल तर जरा गडदच, त्याने काही बिघडत नाही. मीटर बुडवा, हलकेच हलवून बुडबुडे काढा, आकडा स्थिर झाला की लिहा. त्याच पाण्यात पीएच म्हणजे सामू (आंबटपणा किंवा खारेपणाचं माप) पण मोजून घ्या.

आता आकड्यांचा अर्थ. पोअर थ्रू पद्धतीत कमी खत लागणाऱ्या झाडांसाठी, जसं आफ्रिकन व्हायोलेट, बिगोनिया, १.० ते २.६ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर ठीक मानतात. मध्यम खाणाऱ्यांना २.० ते ३.५. आणि शेवंतीसारख्या खादाड झाडांना २.६ ते ४.६. मी जास्वंद मधल्या गटात धरते, वाढीच्या दिवसात २ ते ३ च्या मधे ठेवते आणि झाड थांबलेलं असेल तेव्हा १ ते १.५ वर समाधान मानते. हे आकडे पाण्यात विरघळणारं खत नियमित देणाऱ्यांसाठी काढलेले आहेत हे मात्र लक्षात ठेवा, नुसत्या सेंद्रिय खतावर वाढवलेल्या कुंडीत ते याहून बरेच कमी येतात आणि तरी झाड मजेत असतं. कारण गांडूळ खत, शेणखत, पेंड यातला बराचसा नायट्रोजन सेंद्रिय पदार्थात अडकलेला असतो, जिवाणू तो हळूहळू मोकळा करतात आणि मुळं तो लगेच उचलतात, पाण्यात साठून राहतच नाही. असं झाड ०.७ दाखवत असेल, पानं गडद हिरवी असतील, नवीन कळ्या येत असतील, तर त्याला खत देऊ नका, मीटरपेक्षा झाडाचं ऐका.

एक पद्धत धरली की तीच धरायची. दुसरी एक पद्धत आहे, एक वाटी माती दोन वाट्या डिस्टिल्ड पाण्यात कालवून गाळून मोजायची. ती पण चांगली आहे, पण तिथे ०.७६ ते १.२५ हा नॉर्मल पट्टा आहे, कारण माती पाण्याने पातळ झालेली असते. माझ्याकडे एकदा एकजण घाबरत आले की माझी सगळी झाडं उपाशी आहेत, सगळीकडे १ च्या आसपास येतंय. त्यांनी माती कालवून मोजलं होतं आणि तक्ता पोअर थ्रूचा बघत होते. झाडं एकदम व्यवस्थित होती, पण तोवर त्यांनी दोनदा जादा खत टाकून झालं होतं.

तसंच युनिटचं. काही मीटर ईसी दाखवतात, काही पीपीएम. पीपीएम हा मोजलेला नसतो, ईसीला एका आकड्याने गुणून काढलेला असतो आणि तो गुणक कंपनीप्रमाणे बदलतो, कुणी १ मिलिसीमेन्सला ५०० धरतं कुणी ७००. म्हणजे १.४ ईसीचं एकच पाणी एका मीटरवर ७०० आणि दुसऱ्यावर ९८०. म्हणून बटण दाबून ईसीवर आणा आणि तिथेच ठेवा. मायक्रोसीमेन्स दिसत असेल तर १००० ने भागा की मिलिसीमेन्स, आणि जुन्या पुस्तकात डेसीसीमेन्स प्रति मीटर लिहिलं असेल तर तो आकडा मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटरएवढाच असतो.

आणि तुम्ही झाडांना जे पाणी घालता ते आधी नुसतं मोजा, काही न मिसळता. हे पहिल्याच दिवशी करा. कुणाचं पाणी ०.२ असतं कुणाचं १.२. जर पाणीच १.२ असेल तर निचऱ्यातल्या २.० मधला मोठा भाग खताचा नाहीच, तो पाण्याबरोबर आलेला कॅल्शियम, बायकार्बोनेट, कदाचित सोडियम आहे. खताचं द्रावण बनवतानाही आधीचा आणि नंतरचा आकडा घ्या, फरक म्हणजे तुम्ही घातलेलं खत, अर्थात युरिया सोडून.

इथपर्यंतचं थोडक्यात, कारण बरंच झालं: स्क्रीनवरचे एनपीके सोडून द्या, ईसी धरा, तो मातीत नाही तर निचऱ्याच्या पाण्यात मोजा, दर वेळी एकाच पद्धतीने, आणि आपल्या साध्या पाण्याचा आकडा माहीत असू द्या.

माझ्या वहीतली एक गोष्ट सांगते म्हणजे हे उपयोगी कसं पडतं ते कळेल. एका उन्हाळ्यात माझ्या साठेक कुंड्यांमधे पानांची टोकं करपायला लागली. माती ओली आणि तरी दुपारी रोपं मान टाकायची. मदतीला असलेल्या मुलाने पाणी कमी पडतंय असं धरून रोज थोडं थोडं पाणी वाढवलं. मी निचरा मोजायला घेतला तर तो निघेचना, इतकं कमी पाणी एका वेळी पडत होतं. शेवटी जमलं ते ५.८ आलं. आपलं पाणी ०.६ चं. झालं असं होतं की रोज थोडं पाणी वरच्या वर घालायचो, ते उडून जायचं, क्षार मागे राहायचे, दर १५ दिवसांनी खत पडायचं, आणि खालून एक थेंब बाहेर जात नव्हता. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसत होता, तो आधीच बघायला हवा होता. मातीतल्या पाण्यात क्षार एवढे वाढले की मुळांना पाणी ओढताच येत नाही, म्हणून माती ओली असून झाड तहानलेलं दिसतं. आम्ही खत बंद केलं आणि प्रत्येक कुंडीतून तिच्या आकाराच्या साधारण दुप्पट तिप्पट साधं पाणी दोन टप्प्यात हळूहळू सोडलं. दोन दिवसांनी निचरा २.१. करपलेली टोकं परत हिरवी होत नाहीत, ती तशीच राहिली, पण पुढची पानं स्वच्छ आली. तेव्हापासून दर चौथ्या पाचव्या पाण्याला खालून चांगलं निथळेल एवढं पाणी घालायचं हा नियमच झाला, आणि ताटलीत निथळलेलं पाणी फेकून द्यायचं, ते परत वर ओढलं जातं.

तुमच्या मिश्रणात कोकोपीट असेल तर अजून एक बघा. न धुतलेल्या कोकोपीटमधे सोडियम, क्लोराइड आणि पोटॅशियम भरपूर असतं. त्यात काही न घालता पण ईसी २-३ येऊ शकतो आणि वाटतं की अरे वा खत भरपूर आहे. वापरायच्या आधी ओलं करून मुठीत दाबून पाणी काढा आणि मोजा, १ च्या खूप वर असेल तर अजून एकदोनदा धुवा.

आता पिवळी पानं, ज्यासाठी हे सगळं सुरू झालं. तुम्ही लिहिलं नाहीत की पिवळी कुठली पडतायत, आणि सगळं त्यावर आहे. खालची जुनी पानं आख्खी पिवळी होऊन गळत असतील आणि निचरा १ च्या खाली असेल, तर नायट्रोजन कमी पडतोय असं मी म्हणेन, खत वाढवा. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं असेल तर मॅग्नेशियमची शंका. पण शेंड्याची नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ज्याला शेतकरी केवडा म्हणतात, असं असेल तर ती लोहाची कमतरता आणि बहुतेक वेळा लोह मातीत असतंच, पीएच वाढल्यामुळे मुळांना ते मिळत नाही. जास्वंदीत हे फार दिसतं. पाणी जड असेल, बायकार्बोनेटवालं, तर ते महिनोन् महिने घालून कुंडीचा पीएच वर जात राहतो. कोकोपीट किंवा पीटच्या मिश्रणात ५.५ ते ६.५ चांगला, माती जास्त असेल तर ६ ते ७ चालतो. तुमच्या निचऱ्याचा पीएच ७.५ आला आणि ईसी २.५ आला तर खत पोटभर आहे, तिथे आणखी १९:१९:१९ ओतून पानं हिरवी होणार नाहीत, उलट क्षार वाढतील. तिथे चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं लोह द्यायचं, आणि ते घेताना नाव बघा, ईडीटीए प्रकारचं पीएच ६.५ च्या वर टिकत नाही, जास्त पीएचला ईडीडीएचए लागतं. आणि यातलं काहीच नसेल, ईसी ठीक, पीएच ठीक, तर कुंडी काढून मुळं बघा. तपकिरी, मऊ, वास येणारी मुळं म्हणजे पाणी जास्त होऊन ती कुजलीत, आणि कुजलेली मुळं कुठल्याच मीटरवर दिसत नाहीत.

पीएचसाठी मातीत खुपसायच्या धातूच्या दांडीवर अवलंबून राहू नका, तो आकडा मला कधीच दोनदा सारखा मिळालेला नाही. काचेच्या टोकाचा पेन मीटर घ्या आणि निचऱ्याच्या पाण्यात मोजा. त्याचं टोक कोरडं पडू द्यायचं नाही, टोपणात स्टोरेजचं द्रावण हवं, डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवला तर काच हळूहळू बिघडते. महिन्यातून एकदा ४ आणि ७ च्या बफरमधे, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, जुळवून घ्या. ईसी मीटरला १.४१३ मिलिसीमेन्सचं द्रावण मिळतं, त्याच्यावर १४१३ लिहिलेलं असतं, त्यात बुडवून तेवढं दाखवतोय का बघा. तापमानाने ईसी दर अंशाला साधारण २ टक्के बदलतो, बहुतेक मीटर ते आपोआप २५ अंशाला आणतात, तरी उन्हात तापलेलं पाणी लगेच मोजू नका, सावलीत दहा मिनिटं ठेवा, मीटरला पण तेवढा वेळ द्या.

खराखुरा नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम वेगवेगळा कळायलाच हवा असेल तर मार्ग आहेत. नायट्रेटच्या पट्ट्या मिळतात, निचऱ्याच्या पाण्यात बुडवून रंग जुळवायचा, ढोबळ पण खरा अंदाज येतो. नायट्रेट किंवा पोटॅशियमचा एकच आयन मोजणारे छोटे मीटर आहेत, ते खरंच मोजतात पण दर वापराआधी जुळवावे लागतात. आणि माती प्रयोगशाळेत देता येते, देताना कुंडीतलं मिश्रण आहे हे सांगा कारण शेतातल्या मातीचे पट्टे त्याला लागू होत नाहीत. ३० कुंड्यांसाठी मी यातलं काही सुचवणार नाही, फक्त सगळं करूनही झाड सुधारत नसेल तर प्रयोगशाळा.

आणि सगळ्या ३० कुंड्या मोजत बसू नका, तीन चार निवडा. एक जास्वंद, एक कमी खाणारं, एक फळभाजी असेल तर ती, आणि एक जी तुम्हाला नेहमी त्रास देते. त्यांच्यावर नंबर लिहा. महिन्यातून दोनदा, खत द्यायच्या आदल्या दिवशी मोजा, खत दिल्यावर लगेच मोजलं तर ते खताच्या द्रावणाचंच माप येतं. सावकाश खत सोडणाऱ्या गोळ्या घातलेल्या असतील तर तापमान वाढलं की त्या जास्त खत सोडतात, उन्हाळ्यात आठवड्याला बघा. तारीख, ईसी, पीएच आणि झाडाबद्दल एक ओळ, एवढंच लिहायचं. दोन महिन्यांत तुम्हाला दिसायला लागेल की आकडा चढतोय, उतरतोय की स्थिर आहे. चढत असेल तर खत अर्धं करा किंवा मधे साधं पाणी भरपूर सोडा, उतरत असेल आणि झाड वाढीत असेल तर थोडं वाढवा. एका वेळच्या आकड्यावरून मी कधीच काही बदलत नाही, फक्त ५ च्या वर दिसला तर सोडून, तिथे त्याच दिवशी कुंडी धुते.

तर या आठवड्यात जास्वंदीला १९:१९:१९ देऊ नका, काही नुकसान होणार नाही. आधी तुमचं साधं पाणी मोजा, मग वर सांगितल्याप्रमाणे निचरा काढून ईसी आणि पीएच, आणि एक जुनं पान, एक शेंड्याचं पान उजेडात धरून शिरा कशा आहेत ते बघा. हे तीन आकडे आणि दोन पानांचं वर्णन मला लिहा, कुंडी किती इंची आहे आणि मिश्रणात काय काय आहे ते पण. मग खत किती आणि कधी हे नीट सांगता येईल.